चिकटपट्टीची माया

फार जुनी नाही, ऑफिसात कॉम्प्युटर आले पण फायली काही हलल्या नाहीत, तेव्हाची गोष्ट. मशीनमधून निघालेलं पेट्रोलचं एक बिल फायलीत आलं. शेजारी किराण्याचं हातानं लिहिलेलं जुनं बिल होतं.

"काका, पुढे काय होणार माझं?" नव्या बिलानं त्या जुन्याला विचारलं.

"वर्ष संपलं की ऑडिटर येईल, तुझा आकडा वाचून टिक करेल. मग तू खरं ठरलंस. तोवर पुसलं जाऊ नकोस म्हणजे झालं."

बिल आकड्यापाशी जरासं फाटलं होतं. फायली सांभाळणाऱ्या वसुधा मॅडमनी त्यावर चिकटपट्टी लावली. आम्हा बायकांना फाटकं काही बघवतच नाही!

"बघा काका, किती माया!" बिल फुशारलं.

पण मशीनच्या त्या गुळगुळीत कागदावरची छपाई पट्टीच्या गोंदानंच उडत गेली.

"काका, मला माझा आकडा आठवत नाहीये."

"मला पाठ आहे, बाळा." काका रोज ऐकवत राहिले.

ऑडिटर आला. "मॅडम, यावर आकडाच नाही. हा कोरा कागद कसला?"

काकांनी जीव तोडून आकडा सांगितला. पण कागदांचं बोलणं माणसांना कुठलं ऐकू येतं! बिल टोपलीत गेलं.

"पट्टी कमी पडली वाटतं," मॅडम हळहळल्या, आणि पेट्रोलच्या नव्या बिलावर त्यांनी आठवणीनं दोन लावल्या.