देणाऱ्याचं नाव

लढाई संपून वीस वर्षं झाली, तरी त्या खेड्याच्या शेतांत पेरलेले सुरुंग निघतच होते. ते काढायला आणि पाय गमावलेल्यांना कृत्रिम पाय बसवायला एक श्रीमंत परका देश पैसा पुरवायचा. अट एकच: दिलेल्या प्रत्येक वस्तूवर त्या देशाचं नाव दिसलं पाहिजे.

एकदा त्या देशाचे मंत्री स्वतः पाहणीला आले. जीपवर नाव होतं, तंबूवर होतं, पाण्याच्या टाकीवरही होतं. मग त्यांची नजर सोखोमबाईच्या पायावर गेली. सुरुंग शोधणाऱ्या तुकडीतली ही बाई दिवसभर चिखलात गुडघे टेकून काम करायची. तिच्या कृत्रिम पायावरचा स्टिकर केव्हाच झिजून गेला होता.

"नाव नसेल तर पुढची मदतही नाही," मंत्री म्हणाले. "देणाऱ्याची ओळख राहायला नको?"

दुभाष्यानं ते तिला सांगितलं.

सोखोमबाईनं निकामी केलेल्या सुरुंगांच्या ढिगातून एक गंजकं झाकण उचललं, बाहीनं पुसलं आणि मंत्र्यांच्या हातात ठेवलं. त्यावर त्यांच्याच लिपीत त्यांच्याच देशाचं नाव कोरलेलं होतं.

"ओळख आहे ना साहेब," ती म्हणाली. "पहिला पाय ज्यानं नेला, त्याच्यावर तुमचं नाव होतं. एकाच पायासाठी दोनदा कशाला लिहायचं?"

दुभाष्यानं खाली बघतच ते सांगितलं. हातातलं झाकण कुठं ठेवावं, हे मंत्र्यांना कळेना.

पुढच्या वर्षी पाय आले ते बिननावाचे. जमिनीतून मात्र ते नाव अजून निघतंय.