साळूबाईंनी लिहिलेलं कासवाचं पान

फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा जनावरांनाही वाचता यायचं. एका रानात वडाच्या ढोलीत एक मोठा कोश ठेवलेला होता. रानातल्या प्रत्येकाचं त्यात एक पान. परका प्राणी आला की आधी तो कोश वाचायचा, मगच कोणाच्या दारी जायचं ते ठरवायचा. लिहिण्याचं काम साळूबाईंकडे होतं. जातीच्या साळिंदर, त्यामुळे लेखणी अंगावरचीच!

एकदा नदी ओलांडताना साळूबाई कासवाच्या पाठीवरून पाण्यात पडल्या. चार घोट पाणी पोटात गेलं, त्याहून जास्त राग डोक्यात गेला. घरी येताच त्यांनी लिहिलं, ‘कासव प्रवाशांना बुडवतं, असं सगळेच म्हणतात.’

मगरीचं पान लिहिताना मात्र मगर स्वतः जबडा उघडून समोर बसली होती. साळूबाईंनी भराभर लिहून टाकलं, ‘अत्यंत प्रेमळ. एकाही प्रवाशाची तक्रार नाही.’

म्हाताऱ्या घुबडाने विचारलं, “साळूबाई, हे सगळे म्हणजे कोण कोण?”

“सगळे म्हणजे सगळे!” साळूबाई फणकारल्या.

झालं! कासवाकडे कोणी फिरकेना. बिचारं दूरच्या डोहात निघून गेलं.

पुढे पलीकडच्या काठावर साळूबाईंच्या नातीचं बारसं ठरलं. नटूनथटून त्या नदीवर आल्या, तर तिथे एकटी मगर.

“या, बसा पाठीवर.”

“नको बाई, तुम्हाला उगाच त्रास.”

“त्रास कसला? एकाही प्रवाशाची तक्रार नाही. तुम्हीच लिहिलंय की!”

साळूबाईंच्या अंगावर काटा आला. होते त्यांत आणखी एक. त्या मागच्या पावली पळाल्या आणि तीन दिवस काठाकाठाने चालत कासवाच्या डोहाशी पोहोचल्या.

“चुकलं माझं, कासवदादा.”

“अहो, तुमचे काटे मानेत टोचले म्हणून मी दचकलो. विचारलंत का कधी?”

बारसं हुकलं ते हुकलंच. साळूबाई खूप रडल्या. मग दोन्ही पानं नव्याने लिहिली.

‘कासव वर्षानुवर्षं प्रवासी नेतं. एकदा साळूबाई पडल्या. कासव डगमगलं, असं त्यांचं म्हणणं. काटे टोचले, असं कासवाचं. इतर कोणी पडल्याचं ऐकिवात नाही.’

‘मगर प्रेमळ आहे, असं मगर सांगते. तिच्या पाठीवरून पलीकडे पोहोचलेला प्रवासी अजून भेटलेला नाही.’

मगर तणतणत आली. “ही बदनामी आहे! ते वाक्य काढा!”

“काढते की,” साळूबाई ढोलीतूनच म्हणाल्या, “पोहोचलेला एक तरी घेऊन या.”

मगर अजून शोधते आहे. कासवाच्या काठावर मात्र रांग लागते.

तात्पर्य: दोष जरूर लिहावा, पण तो कोणी आणि कशावरून काढला तेही लिहावं, आपला राग सगळ्यांच्या तोंडी घालू नये.