पाटाकाठचं कोरडं घर

ही गोष्ट फार फार जुनी आहे. इतकी जुनी, की तेव्हा घर विकत घ्यायला लोक बैलगाडीतून यायचे आणि सोबत मामा, आत्या, दोन शेजारी आणि एक ज्योतिषी घेऊन यायचे. लहानांनी ती ऐकावीच. मोठ्यांनी ती वाचून दाखवता दाखवता स्वतःही थोडे कान उघडे ठेवावेत.

एका राज्यात एक बाजारगाव होतं आणि त्या गावात हैबती नावाचा दलाल होता. घरं दाखवायची, जागा दाखवायच्या, घेणाऱ्याची आणि विकणाऱ्याची गाठ घालून द्यायची, हा त्याचा धंदा. चावडीसमोर त्याची छोटीशी पेढी होती. आत एक गादी, पाण्याचा माठ आणि भिंतीवर खुंट्यांना टांगलेल्या बंद घरांच्या किल्ल्या. गादी अगदी नव्यासारखी होती, कारण हैबती तिच्यावर कधी टेकायचाच नाही. पायाला भिंगरी लावल्यासारखा तो दिवसभर गावातून पळत असे.

त्याला कारणही तसंच होतं. हैबतीने धंद्यातलं एक मर्म ओळखलं होतं. प्रत्येक घराची एक चांगली वेळ असते आणि एक वाईट वेळ असते. घर दाखवायचं ते चांगल्या वेळी.

वेशीजवळचं घर तो सकाळीच दाखवी, कारण दुपारी त्याच्या भिंती तव्यासारख्या तापत. तेलाच्या घाण्याशेजारचं घर तो सोमवारीच दाखवी, कारण सोमवारी घाणा बंद असे आणि त्याची करकर ऐकू येत नसे. रंगाऱ्यांच्या आळीतलं घर दाखवायचं तर रंगाच्या हौदांचा उग्र वास येऊ नये म्हणून आधी वाऱ्याची दिशा बघावी लागे. एकदा अर्ध्या वाटेत वारा फिरला. हैबतीने गिऱ्हाइकाला तिथूनच मागे वळवलं आणि म्हणाला, "अरे देवा, किल्ली विसरली!" किल्ली त्याच्या कनवटीला होती.

तेवढी एक किल्ली सोडली तर आपण कधी खोटं बोललो नाही, असं तो छातीठोकपणे सांगे. त्याची बायको सगुणा कधी काही बोलली, तर तो म्हणे, "मी घर दाखवतो. बघणारे डोळे त्यांचे. मी काय कुणाच्या डोळ्यांवर पट्टी बांधतो?"

सगुणा यावर गप्प बसे. पण तिचं गप्प बसणं आणि हैबतीचं म्हणणं पटणं, या दोन वेगळ्या गोष्टी होत्या.

एकदा दिवाळी उरकल्यावर परगावाहून एक विणकर आणि त्याची बायको पेढीवर आली. दोघंही तरुण. आठ वर्षं पोटाला चिमटा घेऊन त्यांनी घरापुरतं साठवलं होतं. त्यांना गावात कुणी ओळखत नव्हतं आणि तेही कुणाला ओळखत नव्हते.

विणकर म्हणाला, "दलालदादा, घर मोठं नको. उजेड थोडा कमी असला तरी चालेल. पण जमीन कोरडी पाहिजे. आमचा माग जमिनीत खड्डा करून बसवतात. मी काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पायाने पावड्या दाबतो. खड्ड्यात ओल आली तर सूतही जातं आणि मागही जातो."

हैबतीने भिंतीवरची एक किल्ली काढली. ती पाटाकाठच्या घराची होती.

ते घर दिसायला गोजिरवाणं होतं. दारात लिंबाचं झाड, मागे गव्हाची शेतं, आणि शेतांच्या अलीकडे पाण्याचा पाट. पावसाळ्यात ते घर ठणठणीत कोरडं असे. पण मार्गशीर्षाच्या पौर्णिमेला गव्हासाठी पाट सोडत. मग पाणी जमिनीखालून झिरपे आणि होळीपर्यंत त्या घराची जमीन ओलीच राही. हे गावातल्या चार म्हाताऱ्यांना ठाऊक होतं आणि हैबतीला ठाऊक होतं.

पाट त्या दिवशी कोरडा होता. विणकराने घरात पाऊल टाकलं आणि विचारलं, "दादा, जमीन कोरडी राहते ना?"

हैबती म्हणाला, "हात लावून बघा की!"

विणकराने हात लावला. त्याच्या बायकोनेही लावला. जमीन कोरडी होती. दोघं एकमेकांकडे बघून हसली आणि व्यवहार ठरला.

बघा, हैबती खोटं बोलला का? एक शब्दही नाही. पण त्या दिवशी तो अर्ध्या ताटावरून उठला, आणि सगुणाने कारण विचारलं तेव्हा पाटाच्या पाण्याचं तिला सांगून बसला.

विणकराने आठ दिवसांत खड्डा खणला, माग बसवला आणि त्याला पहिलंच मोठं काम मिळालं. पाटलांच्या लेकीचं लग्नाचं लुगडं. ते नीट झालं तर अख्ख्या मुलखातून कामं येणार होती. बिघडलं तर परक्या गावात त्याला कोण उभं करणार?

हे कळल्यापासून हैबतीची तगमग वाढली. तो गिऱ्हाइकाला माडी दाखवायचा आणि मनात पौर्णिमेचे दिवस मोजायचा. बाजारात कुणी 'पाणी' म्हटलं तरी दचकायचा.

तो आधी पाटकऱ्याकडे गेला. पाट सोडणं आणि बंद करणं हे पाटकऱ्याचं काम.

"यंदा पाट महिनाभर उशिरा सोडता येईल का हो?" हैबतीने विचारलं.

पाटकरी म्हणाला, "आणि तोवर गहू काय तुझ्या माठातलं पाणी पिईल?"

मग हैबती विणकराकडे गेला. म्हणाला, "विणकरदादा, याहून चांगलं घर हाती आलं आहे. बदलून देतो. वर काही देऊ नका."

विणकर हसला. "दादा, असं घर पुन्हा मिळणार नाही, असं तुम्हीच सांगितलंत. आता आम्हाला कशाला हलवता? आम्ही इथे सुखात आहोत."

चार दिवसांनी हैबती पुन्हा गेला. "माग ओट्यावर बसवला तर? वारा चांगला लागेल."

विणकराची बायको म्हणाली, "माग म्हणजे काय पाळणा आहे, कुठेही टांगायला?" आणि तिने त्याच्यापुढे गूळ-पाणी ठेवलं. तो गूळ त्याला कडू लागला.

तिसऱ्यांदा गेला तेव्हा मात्र सगळं सांगायचंच, असं ठरवून गेला. मागावर लुगडं अर्ध्यावर आलं होतं. डाळिंबी रंग, हिरवे काठ. विणकर इतक्या आनंदाने विणत होता, की हैबतीच्या तोंडून शब्द फुटेना. "यंदा थंडी जरा जास्तच आहे," असं काहीतरी बोलून तो उठला.

घरी आला तर सगुणा दारातच उभी होती. म्हणाली, "अहो, तुम्हाला एक वाक्य बोलायचं आहे. तेवढं बोलायचं सोडून तुम्ही सगळा गाव पालथा घालताय."

"तुला काय जातं बोलायला?" हैबती चिडला. "एका घराची वाईट वेळ सांगितली, की उद्या लोक प्रत्येक घराची विचारतील. माझी पेढी राहील का?"

"आणि नाही सांगितली तर त्यांचा माग राहील का?"

हैबती म्हणाला, "पौर्णिमेच्या आदल्या दिवशी सांगतो. नक्की सांगतो." माणसाला अवघड काम टाळायचं असलं, की तो आधी त्याचा मुहूर्त काढतो.

पौर्णिमेला पाच दिवस उरले होते. शेजारच्या गावी एक जागा दाखवायची होती, म्हणून हैबती दोन दिवस तिकडे गेला. त्या वर्षी थंडीवाऱ्याने जमीन लवकर सुकली आणि गव्हाने माना टाकल्या. शेतकरी पाटकऱ्याच्या दारात जाऊन बसले. पाटकऱ्याने पौर्णिमेची वाट न बघता पाट सोडला.

परतताना हैबतीला शेतात पाणी चमकताना दिसलं. तो तसाच पळत सुटला. पागोटं वाटेत पडलं, तेही त्याने उचललं नाही.

विणकर खड्ड्यात गुडघाभर पाण्यात उभा होता आणि तांब्याने पाणी उपसत होता. त्याची बायको बाहेर घागरी ओतत होती. उपसलं तेवढंच पाणी पुन्हा भरत होतं. पावड्या फुगल्या होत्या. मागावरचं सूत भिजून खाली लोंबलं होतं आणि लुगड्याचा डाळिंबी रंग हिरव्या काठात उतरला होता. फक्त पदर विणायचा राहिला होता.

हैबतीला बघताच विणकराचा चेहरा खुलला. "बरं झालं दादा, तुम्ही आलात! अहो, हे पाणी येतंय कुठून? पाऊस तर नाही. तुम्ही जाणते आहात. काहीतरी उपाय सांगा."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर हैबतीने त्या आनंदाने खाल्ल्या असत्या. हा विश्वास त्याला सोसेना. तो ओल्या जमिनीवरच बसला आणि म्हणाला, "उपाय नाही. दरवर्षी पाट सुटला की इथे पाणी येतं. मला ठाऊक होतं."

विणकराच्या हातातला तांब्या पाण्यात पडला. बाहेर घागरी ओतणारी त्याची बायको दारात येऊन उभी राहिली होती.

ती म्हणाली, "तुम्ही तीनदा आलात. माझ्या हातचा गूळ खाल्लात. तेव्हा का नाही बोललात? सुतासकट माग सोडवून कोरड्यात ठेवायला आम्हाला एक दिवस पुरला असता."

आयुष्यात पहिल्यांदा हैबतीला कुठे पळावंसं वाटेना, आणि बसवतही नव्हतं.

घरी येऊन त्याने सगुणाला सगळं सांगितलं. आपलं राहतं घर विणकराला द्यावं आणि पाटाकाठचं घर आपण घ्यावं, एवढाच मार्ग त्याला दिसत होता. पण ते बोलायला त्याची जीभ रेटेना. त्याने वर बघितलं तर सगुणाने भांडी बांधायला घेतली होती.

दुसऱ्या दिवशी घरांची अदलाबदल झाली. हैबतीच्या घराची जमीन उंचावर होती आणि बारा महिने कोरडी होती. तिथे विणकराने नवा खड्डा खणला. पण लुगडं गेलं ते गेलंच. पाटलांची लेक दुसऱ्याने विणलेल्या लुगड्यात बोहल्यावर चढली, आणि पुढली तीन वर्षं विणकराला पंचे आणि घोंगड्यांच्या किनारी विणून पोट भरावं लागलं. रस्त्यात हैबती भेटला तर तो "राम राम" म्हणे आणि पुढे जाई. "दलालदादा" मात्र तो पुन्हा कधी म्हणाला नाही.

हैबती बदलला, हे खरं. पेढीवर कुणी आलं की तो आधी घराची वाईट वेळ सांगू लागला. वेशीजवळचं घर तो भर दुपारी दाखवी. घाण्याशेजारचं घर घाणा चालू असताना दाखवी. पहिलं वर्षभर गिऱ्हाइकं ऐकून निघून जात. मग हळूहळू लोकांना त्याची खात्री पटली आणि लांबलांबून माणसं येऊ लागली. पौष-माघात तो स्वतः खाटेखाली विटा लावून झोपे आणि सकाळी पाय पुसून पेढीवर जाई.

एकदा बाजारात एक परगावचा माणूस चारचौघांत मोठ्याने म्हणाला, "दलाल असावा तर तुमच्या हैबतीसारखा! विचारायच्या आधीच घराची खोड सांगतो."

विणकराची बायको शेजारीच भाजी निवडत होती. तिने मान वर केली.

"हो," ती म्हणाली. "आता सांगतात."

आणि ती पुन्हा भाजी निवडू लागली.

तात्पर्य: वेळेवर सांगितलेलं सत्य दुसऱ्याला वाचवतं, उशिरा सांगितलेलं सत्य ही नुसती कबुली असते.