दडवलेला गळ

“मग तो कुणासाठी ठेवलाय, आबा?”

जोमाचा आवाज जरा चढलाच.

आबा, म्हणजे पोशा तांडेल, उघाडीच्या दगडावर बसले होते. मांडीखाली सरकवलेला गळ त्यांनी आणखी थोडा आत ढकलला... आणि तोही जोमाच्या डोळ्यांदेखत.

उघाडी म्हणजे खाडीच्या बांधातलं लाकडी दार. ओहोटी लागली की ते उघडतं, आतलं पाणी धो धो बाहेर पडतं, बारीक मासळी त्याबरोबर वाहत येते. बाहेर फेसाखाली जिताडा, खाडीतला मोठा शिकारी मासा, तिची वाट बघत असतो. बांधावर दगड असा एकच, जिथून गळ बरोबर त्या फेसात पडतो. त्यावर एकाच माणसाने बसायचं, ही गावची रीत. त्याने उठताना ज्याला बसवलं, त्याचा तो दगड. मग भांडण नाही, पंचायत नाही.

आबांचे गुडघे गेले होते. ते आता उठणार हे गावाला ठाऊक होतं. कुणाला बसवणार, ते मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

जोमा कैक पावसाळे त्यांच्या हाताखाली शिकला. हात चांगला, पण माज त्याहून मोठा. आणि संशयी तर एवढा, की चहात साखर कमी पडली तरी माझ्याच कपात का, म्हणून विचारायचा. त्यात आबांचा भाचा हरेश आज सकाळीच बांधावरून हसत हसत घरी जाताना त्याला दिसला. झालं! तेव्हापासून तो आबांच्या हातांवर नजर ठेवून होता.

“हरेशसाठीच ना?”

“हे बघ.” आबांनी तळहात पुढे केला. त्यावर दोन गळ होते. एक जाडजूड, एक मध्यम. “वाम चढवायची आहे. यातला निवड.”

आमिषाला आणलेली मेलेली वाम ओल्या गोणपाटात पडली होती. हातभर लांब, सापासारखी. तिच्या जबड्यातून गळ ओवायचा, तोंड दोऱ्याने शिवायचं आणि पाण्यातून अशी ओढायची की मेलेली आहे हे जिताड्याला कळता कामा नये. समोर धरलेलं तो घेत नाही, पळू बघणाऱ्यावरच झडप घालतो. सगळी करामत तिथेच.

“जाड्या गळाने वाम काठीसारखी लटकते,” जोमा म्हणाला. “एवढं कळतं मला.”

“मग मधला घे.”

जोमाने तो उचलला. उन्हात धरला. टोक नखावर घासलं. नखावर ओरखडा उठला. तार दोन्ही हातांनी वाकवून पाहिली, ती हूं की चूं करेना. खोट कुठेच नव्हती.

म्हणूनच त्याचा संशय वाढला.

“एवढा चांगला आहे, तर मला का देताय?”

आबांनी मांडी आणखी घट्ट दाबली.

“मांडीखालचा दाखवा.”

“तो तुझ्यासाठी नाही.”

“का पण?”

“नाही म्हणजे नाही.”

“तुमची जाळी मी शिवली, आबा. चिखलात हात घालून वामी मी काढल्या. रोज गुडघ्यांना तेल मी चोळलं. सख्ख्या बापाचं केलं नाही एवढं केलं! आणि चांगली वस्तू तेवढी भाच्याला?”

बोलता बोलता त्याचे डोळे भरले. राग होताच, पण रागाखाली त्याला खरंच लागलं होतं.

आबांनी नुसती मांडी बदलली.

गळ उघडा पडला. बारीक तारेचा, नवा, चकचकीत...

जोमाने झडप घातली. आबांनी अडवलं नाही. हे त्याच्या ध्यानात यायला हवं होतं. एरवी एवढा संशयी माणूस!

त्याने वाम चढवली, दगडाशेजारी उभा राहिला आणि दोरी फेकली. गळ हलका, त्यामुळे वाम पाण्यात छान वळवळली. घाबरून पळतेय असंच वाटावं.

फेस फुटला. दोरी तळव्यात कचकन रुतली. जिताड्याची पांढरी कूस एकदाच वर दिसली, माणसाच्या मांडीएवढी.

“आबा! आला, आबा, आला!”

आणि दोरी सैल पडली.

जोमाने ती ओढून घेतली. वाम गेलेली. गळ सरळ झालेला, गोधडी शिवायच्या सुईसारखा.

“कच्चा होता हा!”

“होता.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“होतं.”

“मग बोलला का नाहीत?”

“तुझ्यासाठी नाही, म्हणालो की.”

“पण मग दडवलात कशाला?”

“दडवला नसता, तर घेतला असतास?”

जोमाची कानशिलं तापली. मघाचा मधला गळ गोणपाटावर तसाच पडला होता. त्याच्याकडे बघायचीही त्याला लाज वाटली.

खाली बघतच तो म्हणाला, “हरेशला पण दाखवलेत हे?”

“सकाळीच. असेच तीन. एक असाच मांडीखाली.”

“त्याने...?”

“मी मधला दिला, त्याने तो घेतला. पाया पडला. हसत घरी गेला.”

“मग झालं तर...” जोमा ओली दोरी गुंडाळू लागला. एवढ्या पावसाळ्यांचं पाणी असं एका दुपारी वाहून गेलं, याचं त्याला फार वाईट वाटलं.

आबांनी गुडघ्यांवर हात रेटले. कण्हत उठले. दगडावरून बाजूला झाले आणि गोणपाटावरचा मधला गळ उचलून रिकाम्या दगडावर ठेवला.

“बस.”

जोमा दगडाकडे बघत राहिला... मग आबांकडे... मग पुन्हा दगडाकडे.

“यात काय खोट आहे आता?”

आबा त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

“हरेश समोर धरलेलं घेतो रे. त्याला जिताडा कसा कळायचा?”