भिंतीने झेललेली ओळ

नदीकाठी एक जुनं नगर होतं, सात वेशींचं. तिथे अच्युत नावाचा इमारती आखणारा राहत होता. त्याचा हात हुशार, आणि नजर त्याहून हुशार. त्याने कागदावर रेघ ओढली की बघणाऱ्याला भिंत दिसू लागे. खोड एकच होती. डोळ्यांना दिसेल तेवढंच तो खरं मानी.

त्या नगराची एक रीत होती बरं का. दर पौर्णिमेला दिवेलागणीच्या वेळी माणसं दक्षिण वेशीच्या देवडीत जमत. देवडी म्हणजे वेशीच्या पोटातली, पहारेकऱ्यांनी बसायची जुनी जागा. तिथे कविता होत. कवी ओळ म्हणे आणि बसलेली माणसं त्या ओळीचा शेवट झेलून पुन्हा म्हणत. तेवढ्यात कवी श्वास घेई, पुढची ओळ आठवे. झेलणाऱ्याच्या तोंडात कविता बसून जाई. अशी झेलत झेलतच तिथली गाणी पणजीकडून पणतीकडे आली होती. ती लिहून ठेवायची गरज कुणाला वाटली नाही.

नगरात सारजाआजी म्हणून एक म्हातारी होती. तिने उभा जन्म लोकांच्या धाब्यांवर, म्हणजे घरांच्या सपाट छतांवर, चुन्याचा कोबा ठोकला. हातात लाकडी थापी, तोंडात गाणं. ज्या घरावर चढली त्या घराचं एक कडवं रचलं. अशी शंभरावर कडवी झाली. तिला अक्षर एक येत नव्हतं, पण कडवं एक विसरली नव्हती. मात्र मजुरीचं गाणं देवडीत कसं म्हणावं, या संकोचापायी ते तिथे म्हणायचं राहून गेलं होतं. जोडीच्या बायका एकेक करून गेल्या. आता ते गाणं तिच्या एकटीच्या तोंडात उरलं होतं.

एका उन्हाळ्यात वेशीचा दगड निखळला आणि देवडी बंद झाली. नगराध्यक्षांनी ठरवलं, वेशीबाहेर कवितेसाठी काँक्रीटचं घर बांधायचं. काम अच्युतला दिलं. आणि म्हणाले, "पहिल्या दिवशी सारजाआजीचं गाणं. अख्खं."

आजीच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "छातीत आता एका बैठकीपुरताच दम राहिलाय. तो राखून ठेवते."

अच्युत टेप घेऊन देवडीत गेला. गेला तो भर दुपारी, तिथे चिटपाखरू नसताना. लांबी मोजली, रुंदी मोजली. भिंती खडबडीत होत्या, जागोजाग कोनाडे होते. त्याने नाक मुरडलं आणि सगळं मोजून परत आला. तिथे कविता कशी म्हणतात, ते बघायला तो जन्मात कधी गेला नव्हता.

त्याने गोल घर आखलं. भिंती उभ्या राहिल्या, वर स्लॅब ओतला गेला, त्याखालच्या आधाराच्या फळ्या निघाल्या. मग भिंती आतून घोटायचं काम लागलं. अच्युतला त्या आरशासारख्या हव्या होत्या.

एक दिवस सारजाआजी काठी टेकत कामावर आली. तिने अर्ध्या घोटलेल्या भिंतीवरून हात फिरवला. एकदा टाळी वाजवली आणि कान देऊन उभी राहिली.

"लेकरा, भिंत लई गुळगुळीत होतीय. हिच्यावर आवाज ठरायचा नाही."

"आजी, हे काँक्रीट आहे. तुमचा चुना नव्हे."

"चुना नसंल. पण आवाज तोच हाय ना?"

अच्युत हसला. आजी म्हणाली, "बाकीची घोटायच्या आधी मला इथं एक कडवं म्हणून बघू दे. दहा माणसं आणते झेलायला. अर्धा तास लागंल."

हैबती मुकादम जवळच उभा होता. तो म्हणाला, "साहेब, थांबवतो की काम. म्हातारी एरवी चहासुद्धा मागत नाही."

पण परगावची पाहुणेमंडळी घर बघायला दारात आली होती. अच्युतला त्यांना चकाकी दाखवायची घाई. तो म्हणाला, "आजी, उद्घाटनाला म्हणायचंच आहे की. आता कशाला?"

आजीने भिंतीवरचा हात काढला. पदर सावरून परत गेली.

पहिला दिवस उजाडला. घर माणसांनी भरलं. भिंतीत आपली तोंडं बघून लोक खूश झाले. अच्युत पहिल्या रांगेत बसला होता. आजीने थापीने जमिनीवर ताल धरला आणि म्हटलं,

"चुना भिजला बाई, पाणी सात विहिरींचं…"

लोक झेलायला गेले, तर त्यांच्या आधी भिंतीनेच झेललं. एका भिंतीने दुसरीकडे फेकलं, दुसरीने तिसरीकडे. विहिरीत विहिरी मिसळल्या. आजीने तशीच दुसरी ओळ म्हटली,

"धाबं कुणाचं बाई, घाम आमच्या घरचा…"

पहिली ओळ अजून फिरतच होती. कुणाला काही कळेना. मागून कुणीतरी ओरडलं, "आजी, एकेकटीनं म्हणा की!" लोक हसले. त्या हसण्याचंही भिंतींनी मोठं वादळ केलं.

आजीने चार कडवी रेटली. मग धाप लागली, तशी ती थांबली. अच्युत धावत पुढे गेला. ती हळूच म्हणाली, "बाळा, ओळ तुझी भिंतच झेलतीय रे. माणसांना जागाच ठेवली नाहीस."

दुसऱ्या दिवशी अच्युतने स्वतः टाकी-हातोडी हातात घेतली. भिंती टोचून टोचून खडबडीत केल्या, देवडीत होते तसे कोनाडे फोडले. रोज एक टाळी वाजवायची आणि कान द्यायचा, हे तो शिकला. तीन महिन्यांनी घर कवितेजोगं झालं. तो आजीला आणायला गेला.

आजीला मधल्या काळात अर्धांगवायू झाला होता. वाचा गेली होती. अच्युतला ते दारात कळलं. त्याने मान खाली घातली. तर आजीनेच डाव्या हाताने थापी उचलली आणि चल म्हणून खूण केली.

घर पुन्हा भरलं. आजीने थापी जमिनीवर ठोकली. आवाज स्वच्छ आला, शेवटच्या माणसापर्यंत. एक ठोका, दुसरा ठोका, मध्ये ओळीएवढी जागा. पुन्हा ठोके, पुन्हा जागा. शंभरावर कडव्यांचा ताल तिने वाजवला. लोक झेलायला तोंड उघडून बसले होते. ओळ आली नाही.

आजही त्या घरात कविता होतात. सारजाआजीची चार कडवी, लोकांना अर्धीमुर्धी ऐकू आली तेवढी, ते म्हणतात. पाचव्यापाशी सगळे थांबतात. तिथे म्हातारा अच्युत थापीने नुसता ताल धरतो.

तात्पर्य: ज्याच्यासाठी बांधायचं त्याचं म्हणणं बांधायच्या आधी ऐकावं. भिंत मागाहून दुरुस्त करता येते, गेलेला आवाज परत आणता येत नाही.