उंबऱ्यावर सोडायचा पुडा

गौरीपूजनाच्या दिवशी आमच्या तेरडेवाडीत आलात तर एक गोष्ट तुम्हाला खटकेल. सणाचं कुणाकडे जायचं म्हणून तुम्ही घरच्या बाईसाठी हौसेने काहीतरी आणलेलं असेल. चमकता कागद, वर रेशमी फीत, फितीचंच केलेलं फूल. आणि ती बाई तुम्हाला आत या म्हणण्याआधी, बसायला देण्याआधी, तिथेच उंबऱ्यावर ती फीत, तो कागद सोडून आत काय आहे ते बघेल. तुमच्यादेखत. मग हळदकुंकू लावेल, मग घरात घेईल.

माझ्या सुनेची एक मैत्रीण पुण्याहून आली होती, तिला तर रडूच फुटायचं बाकी राहिलं. म्हणाली, "काकू, आत जाऊन बघा ना! दोन तास लागलेत मला हे बांधायला."

मी म्हटलं, "बाई गं, दोन तास लागले म्हणून तर आधी सोडते."

तिला ते काही कळलं नाही. मग पाटावर बसवून, हातात चहा देऊन मी तिला जे सांगितलं तेच इथे लिहिते आहे. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा माझ्या सासूबाईंनी मला सांगितलं, त्यांना त्यांच्या सासूबाईंनी. किती वर्षांपूर्वीची गोष्ट ते कुणालाच ठाऊक नाही. नदीवर पूल नव्हता, एवढं मात्र सगळे सांगतात.

तेव्हा म्हणे आमच्याकडे अगदी उलट रीत होती. गौरीला सासुरवाशिणींनी माहेरी पुडा पाठवायचा, शेजारणींनी एकमेकींना द्यायचा. हळदीच्या पानात दोन फळं, थोडे तांदूळ, सुपारी. पण तो पुडा सोडायचा नाही. गौरीपुढे मांडायचा, आणि तिसऱ्या दिवशी गौर पाण्यात गेल्यावरच उघडायचा. तोवर बांधलेला पुडा सोडणं म्हणजे गौरीच्या ओटीला हात घालणं, असं मानत.

आता जे तीन दिवस बंदच राहायचं, ते वरून तरी देखणं हवं. म्हणून बायका पुडे सजवायला लागल्या. कुणी पानाच्या चुण्या घालून कमळ करी, कुणी केळीच्या सोपटाची, म्हणजे खोडाच्या सालीची, वेणी गुंफून वर तेरड्याची फुलं खोवी. गौर बघायला आलेल्या बायका आधी गौरीला नमस्कार करत आणि मग पुड्यांपुढे उभ्या राहत. कुणाच्या लेकीचा पुडा सगळ्यांत सुंदर, यावर वर्षभर बोलणं चाले.

या कामात भिवरा नावाच्या बाईचा हात धरणारं कुणी नव्हतं. नवरा लवकर गेलेला, पदरात एकच मुलगी, तुळसा. भिवराने तिला भाकरी थापायला शिकवण्याआधी पान दुमडायला शिकवलं असं म्हणतात. लेकीचे हात आईपेक्षा हलके होते. पाऊस लागला की मायलेकी ओसरीवर बसायच्या, पुढ्यात हळदीच्या पानांचा ढीग, आणि गावातल्या बायका आपापली पानं घेऊन यायच्या. "तुळसे, माझ्यापण पुड्याला तेवढी कळी काढून दे गो." ती द्यायची.

तुळसा नदीपलीकडे खांबऱ्याला दिली. घर मोठं होतं, माणसं मोठी नव्हती. पहिल्या गौरीला तिला माहेरी धाडलं नाही, पुडाही आला नाही. दुसऱ्या वर्षी नाही, तिसऱ्या वर्षी नाही. भिवराने जाऊन यावं, तर लेकीला मूल होईपर्यंत आईने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही ही जुनी रीत. आणि बोलावल्याशिवाय गेलं तर लेकीलाच ऐकून घ्यावं लागतं. ती गेली नाही. गौरीपुढची तिची जागा तीन वर्षं रिकामी राहिली.

बायका काय, बोलल्याच. "एवढी पानं दुमडायला शिकवलीस, पण आईची आठवण ठेवायला शिकवायचं राहिलं वाटतं." दुसरी म्हणे, "मोठ्या घरची सून झाली ती. तिला आता हळदीचं पान कशाला? चांदीच्या डबीतून धाडील." सगळ्या हसत. भिवराही हसे. घरी जाऊन काय करी ते कुणी पाहिलेलं नाही.

चौथ्या वर्षी गौर आली त्याच दिवशी, दुपारच्या सुमारास, हौसा कासारीण होडीतून अलीकडे उतरली. सणाच्या बांगड्या भरत ती गावोगाव फिरे. तिच्या टोपलीत सगळ्यांत वर एक पुडा होता. तो तिने भिवराच्या हातात दिला.

असा पुडा तेरडेवाडीत आधी कुणी पाहिला नव्हता म्हणतात, आणि नंतरही नाही. अकरा पानं, एकात एक. कुठे शिवण नाही, काडी नाही. वर मिटलेली कळी, आणि तिला सोपटाच्या बारीक धाग्याचे इतके वेढे की बोट शिरायला जागा नाही.

"तुळसाने धाडलाय," हौसा म्हणाली. "आईला म्हणावं, पान हिरवं आहे तोवर सोड."

भिवराचे डोळे भरून आले. "बरी आहे ना गो माझी बाय?"

हौसा टोपलीतल्या बांगड्या सारख्या करू लागली, असं सांगतात. मग टोपली उचलत म्हणाली, "आहे. सणाचे दिवस आहेत, काकी. मी पुढची घरं घेते."

भिवराने पुडा मांडीवर घेतला. लेकीने सोड म्हणून सांगितलंय, तर सोडावा, असं तिच्या मनात आलं. तिने धाग्याचं टोक शोधून नखाने उचललंसुद्धा. तेवढ्यात शेजारच्या आनसाकाकी आत आल्या. वयाने मोठ्या, गावातली सगळी व्रतं, सगळे कुळाचार त्यांना विचारून व्हायचे.

"अगो, काय करतेस! गौर आत्ता कुठे बसलीय आणि तू पुडा सोडतेस?"

"पोरीने निरोप दिलाय काकी, हिरवा आहे तोवर सोड म्हणून."

"आत फळ असेल एखादं पिकलेलं, नासेल म्हणून म्हणाली असेल. पोरच ती. दोन दिवसांत काय होतंय?" आणि मग पुडा हातात घेऊन, उजेडाकडे धरून आनसाकाकी म्हणाल्या, "भिवरा, हा तू सोडायचा नाहीसच. हा मधोमध ठेव. तीन वर्षं तोंड वर करून बोलल्या ना सगळ्या? येऊ देत, बघू देत."

ते शेवटचं वाक्य भिवराला सोडवलं नाही. तिने पुडा गौरीपुढे मधोमध ठेवला.

मग दोन दिवस तिच्या घरी रांग लागली. वरच्या वाडीच्या बायका आल्या, खालच्या वाडीच्या आल्या. ज्यांनी टोमणे मारले होते त्या पुड्यापुढे वाकून वाकून बघत होत्या आणि हा धागा सुरू कुठून होतो ते त्यांना कळत नव्हतं. भिवरा कौतुकाने सांगत होती, "माझ्या तुळसाने केलाय." पूजनाच्या दिवशी तिने घावन-घाटलं केलं, गौरीला वाढलं, आणि लेकीच्या नावाने एक घास बाजूला काढला.

पानं कडेने पिवळी पडायला लागली होती. तेही तिने पाहिलं होतं म्हणे.

तिसऱ्या दिवशी गौर नदीत गेली. बायका परत आल्या आणि पुडे सोडायला बसल्या. पहिला मान भिवराचा. अकरा पानं एकेक करून उलगडायला बराच वेळ लागला. सगळ्या माना पुढे करून बसल्या होत्या.

आत फळ नव्हतं, तांदूळ नव्हते. हिरव्या काकणांचे तुकडे होते, लग्नात आईने भरलेल्या काकणांचे. आणि लुगड्याच्या पदराचा हातभर तुकडा, कडेने जळलेला.

सवाष्ण बाई आपल्या हाताने आपली काकणं फोडत नाही. भिवराला कुणी काही सांगावं लागलं नाही. ती उठली ती तशीच, डोक्यावर पदर न घेता, नदीकडे धावली. मागून गावातले चारपाच जण धावले.

खांबऱ्याला पोचले तेव्हा त्या मोठ्या घराचं अंगण नुकतंच सारवलेलं होतं. सासू ओटीवर बसली होती. म्हणाली, "काल तिन्हीसांजेला इंगळी डसली. पाऊस होता, थांबून चालणार नव्हतं. उरकलं आम्ही."

नदीच्या काठाला राख होती. पावसाने निम्मी वाहून नेलेली.

भिवरा तिथे बसली असताना शेजारच्या घरातली एक म्हातारी काठी टेकत आली, आणि इकडेतिकडे बघून हळूच म्हणाली, "कोंडून, उपाशी ठेवलं होतं गो तिला. आषाढापासून. पुडा धाडायला तेवढं हो म्हणाली सासू, गावात मिरवायला बरं म्हणून. वरून बघितलान, पण बांधलेला पुडा सोडायचा नाही म्हणून आत नाही बघितलान. तुझी पोर शहाणी होती. दोन दिवस गजाला धरून उभी होती, वाटेकडे बघत. मला म्हणाली, आजी, आईच्या हातात पोचलाय, आता येईलच. काल दुपारपर्यंत उभी होती."

काल दुपारी भिवरा गौरीला घावन वाढत होती.

परतताना हौसा कासारीण होडीवर भेटली. पायच धरले तिने. तिने तुळसाचे रिकामे हात पाहिले होते, भाजलेलं मनगट पाहिलं होतं. पण गौर यायच्या दिवशी, भरल्या घरात, सवाष्णीचे हात रिकामे आहेत हे कोणत्या तोंडाने बोलायचं, म्हणून ती गप्प राहिली. पुड्यात काय आहे ते तिला माहीत होतं. आई सोडील आणि बघील, असं तिला वाटलं होतं. भिवरा तिला इतकंच म्हणाली, "उठ. चूक तुझी एकटीची नाही."

मोठ्या घराला काय शिक्षा झाली, असं त्या पुण्याच्या मुलीने मला विचारलं. काही झाली नाही. निदान कुणी सांगत नाही. मला ते सांगताना दरवेळी जड जातं, पण नसलेलं सांगू कशी?

भिवराने वर्षभर पान दुमडलं नाही. सगळ्यांना वाटलं, आता ही गौर बसवणार नाही. पण पुढच्या भाद्रपदात तिने तेरडा आणला, गौर बसवली, स्वयंपाक केला. ताट मात्र वाढलं नाही. पूजनाच्या दिवशी सकाळी ती पहिल्या घरापासून निघाली, आणि प्रत्येक उंबऱ्यावर उभी राहून म्हणू लागली, "पुडे बाहेर आणा. माझ्यासमोर सोडा."

गावात गोंधळ उडाला. आनसाकाकी काठी घेऊन आडव्या आल्या. "भिवरा, वेडी झालीस का? तुझं दुःख आम्हाला कळतं. पण गौर माहेरपणाला आलीय. असले प्रकार चालले तर नैवेद्य कधी दाखवायचा? उपाशी राहील ती!"

भिवरा म्हणाली, "राहू दे काकी. तीपण कुणाची लेकच आहे, राहील एक वेळ. माझी आषाढापासून राहिली होती."

आनसाकाकींनी हातातली काठी भिंतीला टेकवली. मग त्याच आत गेल्या, आपल्या देवघरापुढचे तीनही पुडे घेऊन आल्या, आणि सगळ्यांत आधी त्यांनीच सोडले. आत सीताफळं होती, सुपारी होती. त्या मटकन उंबऱ्यावर बसल्या आणि मोठ्याने रडल्या, असं सांगतात. मग कुणी अडवलं नाही.

सातव्या घरी, एका साध्याशा पुड्यात, पेरूखाली काकणाचा एक तुकडा निघाला. त्या घरची लेक डोंगरापलीकडे दिलेली होती, तुळसाची गोष्ट तिथवर पोचली होती. त्या बाईने तो तुकडा भिवराच्या हातात ठेवला. चुली तशाच ठेवून, कोयते घेऊन पंचवीस माणसं निघाली, त्यांत निम्म्या बायका. अंधार पडायच्या आत ती मुलगी माहेरच्या अंगणात होती. मग भिवराने पाय धुतले आणि गौरीला ताट वाढलं. त्या मुलीला गौरीच्या शेजारी बसवून जेवू घातलं.

तेव्हापासून पुडा उंबऱ्यावर सोडायचा. बांधताना गाठ मारायची नाही, सोपटाचे तीन वेढे आणि टोक आत खोवलेलं, एका बोटाने निघेल असं. आणि गावातल्या शेवटच्या घरातला शेवटचा पुडा सुटल्याशिवाय कुणीही नैवेद्य दाखवायचा नाही. त्या गौरीनंतर असे किती तुकडे निघाले, किती लेकी परत आल्या, याचे आकडे जो तो वेगळे सांगतो. माझ्या सासूबाई म्हणत, एक आली हे तर खरं ना? मग पुरे. मी सगळी व्रतं करते, पोथ्या वाचते, पण इतक्या भक्तिभावाने मी दुसरं काहीच करत नाही, हे देवीलाही ठाऊक असेल.

आजही आमच्याकडे गौर उशिरा आणि गार जेवते. हल्ली पुडे एसटीने येतात, कुरिअरने येतात, चिकटपट्टीत गुंडाळलेले खोके येतात. ते आम्ही उंबऱ्यावर विळी घेऊन बसतो आणि कापतो. मागच्या वर्षी खालच्या वाडीतल्या सुमतीच्या लेकीचा पुडा आला नव्हता. फोन लागत नव्हता. बारा वाजले, एक वाजला, दोन वाजले. गावात एकाही घरी ताट वाढलेलं नव्हतं, आणि मुलंसुद्धा खायला मागत नव्हती. सुमती फाट्यावर जाऊन उभी राहिली, मग एकेक करत आम्ही सगळ्याच तिथे जाऊन उभ्या राहिलो. दोन मोटारसायकलींवर गावातली माणसं त्या लेकीच्या सासरच्या वाटेला लागायच्या बेतात होती. साडेतीनला एसटी आली, आणि कंडक्टरने खिडकीतून पिशवी पुढे केली. सुमतीने ती माझ्या हातात दिली, म्हणून पुडा मी सोडला.

आत चार पेरू निघाले, एक जरा दबलेला. आम्ही ते पुन्हा पुन्हा खालीवर करून पाहिले. मग घरी येऊन गौरीला ताट वाढलं.