सात जाखूंचं तळं

तुम्ही तुमच्या लेकीला हाक मारली आणि एकदम सात मुलींनी 'ओ' दिली, असं कधी झालंय का?

आमच्या तांबडखोऱ्यात, या तळ्याच्या काठावर, एकदा तसं झालं होतं. हे ओळीनं बसवलेले सात दगड बघा, शेंदूर लावलेले. अलीकडचा दगड गुडघ्याएवढाही नाही. तो सगळ्यात धाकटीचा. चपला इथंच काढा आणि पायरीवर बसा, म्हणजे सांगते.

फार मागं, असं सांगतात, गावात देवीच्या रोगाची साथ आली आणि महिन्याभरात सगळे पाळणे रिकामे झाले. मग बायकांनी जाखाईला नवस बोलला, "यापुढं जन्मेल ती मुलगी तुझ्या नावाची. स्वतःचंच नाव तू नेऊ नकोस, आई." तेव्हापासून घरोघरी जाखू. पाटलाची जाखू, सुताराची जाखू, कुंभाराची जाखू. मुलगी बोलू लागली की पहिली शिकवण हीच, की जाखू म्हणून कुणीही हाक मारली तरी ओ द्यायची. ते देवीचं नाव. त्या हाकेला ओ न देणं म्हणजे देवीचा अपमान. आणि मुली जगल्याही, म्हणे. सात जणी झाल्या. थोरली पाटलाची, एकोणीस वर्षांची. धाकटी कुंभाराची, सहा वर्षांची.

एका वैशाखात पाटलाची जाखू मैत्रिणीबरोबर रानात फाटी तोडत होती. लुटारूंच्या टोळीतला एक जण घोड्यावरून उतरला आणि त्यानं तिची वेणी धरली. तिच्या हातात कोयता होता. तिनं त्याचा हात मनगटातून तोडला. मैत्रीण ओरडली, "जाखू, पळ!" तेवढंच त्याच्या कानावर पडलं. तो टोळीच्या म्होरक्याचा सख्खा भाऊ होता. रक्त जाऊन तो मेला, पण मरताना भावाला ते नाव सांगून मेला.

तिसऱ्या दिवशी भर दुपारी म्होरक्या दहा-बारा घोडेस्वार घेऊन आला. गावातले पुरुष डोंगरावर पेरणीआधीचा राब भाजायला गेले होते. तो या काठावर उभा राहून ओरडला, "जाखू कोण आहे? ती एकटी द्या. गावाला हात लावणार नाही."

कुंभाराची जाखू इथंच चिखलाचे बैल करत बसली होती. तिनं मान वर केली आणि शिकवल्याप्रमाणे म्हणाली, "ओ!" जवळच्या स्वारानं तलवार चालवली. तिची आई सगुणा भरला घडा घेऊन वीस पावलांवर उभी होती. पोटात दुसरं होतं, पाचवा महिना होता तिला.

पाटलाची जाखू धावत आली. "मेल्या, लेकरू होतं ते! तुझ्या भावाचा हात मी तोडला. मी जाखू!"

"मग ही कोण?"

"तीही जाखूच."

म्होरक्या हसला. "अजून किती आहेत?" असं म्हणून त्यानं पुन्हा नाव घेतलं. दाराआडून ओ आली, गोठ्यातून आली. सुताराच्या बायकोनं लेकीच्या तोंडावर हात दाबला होता. पोरीनं आईच्या हाताला चावून ओ दिली, म्हणे. आवाज येईल तिकडं स्वार घुसले आणि एकेकीला केस धरून ओढत काठावर आणून कापलं.

पाटलाच्या जाखूनं म्होरक्याच्या घोड्याच्या मानेत कोयता घातला. घोडा कोसळला, तो खाली पडला, आणि त्याच क्षणी मागून तिच्या पाठीत भाला शिरला. पण सगुणेनं भरला घडा पडलेल्या म्होरक्याच्या डोक्यात घातला, मानेवर गुडघा रोवून त्याचं तोंड पाण्यात धरलं. बायका मुसळं, विळे घेऊन धावल्या. तो हलायचा थांबला तरी सगुणा उठली नाही. म्होरक्या मेला म्हटल्यावर बाकीचे पळाले. संध्याकाळी पुरुष डोंगरावरून उतरले तेव्हा तळ्याचं पाणी लाल होतं. गावात एकही मुलगी उरली नव्हती.

भाद्रपदात सगुणा बाळंत झाली. मुलगीच. बाराव्या दिवशी पाळण्याभोवती गाव जमलं. म्हातारी पुजारीण म्हणाली, "जाखूच ठेव बाई. नवस मोडलास तर देवी हिला नेईल."

सगुणा म्हणाली, "देवीनं रोगातून राखलं, तिचे उपकार आहेत. पण ज्या नावाला ओ देऊन माझी लेक गेली, ते नाव मी हिला देणार नाही. हिला हिचं एकटीचं नाव हवं."

मग जो तो नावं सुचवू लागला. कुणी म्हणालं, धोंडी ठेव, दगडाला मरण नाही. तिची नणंद ठकू म्हणाली, "सासरी जाऊन धोंडी म्हणून नांदेल का ती?" जोशीबुवांनी त्रिभुवनसुंदरी सुचवलं. "बुवा," ठकू म्हणाली, "एवढी हाक पुरी होईतो पोर तळ्यात पडेल की! नाव रोज नेसायचं लुगडं आहे. शेजारणीसारखं नको आणि वावरताना पायातही यायला नको."

सगुणा बाळाला घेऊन या दगडांपाशी आली. धाकटीच्या दगडाला लागून सोनकीची पिवळी फुलं आली होती. ती तिनं ठकूला दाखवली. ठकूनं उभं राहून तीनदा हाक दिली, "सोनकी!" ओ द्यायला गावात दुसरी मुलगीच नव्हती, तरी सगळे कान देऊन थांबले. कुणी ओ दिली नाही. नाव ठरलं.

त्याच संध्याकाळी बाळाचं अंग तापलं. दूध प्यायचं सुटलं. पुजारीण उंबऱ्याशी येऊन बसली. "अजून वेळ आहे, एकदा जाखू म्हण. देवी ऐकेल." ठकूही रडत म्हणाली, "म्हण ना वहिनी." सगुणेनं लेकीला छातीशी धरलं आणि ओठ मिटून घेतले.

आजही आमच्याकडं बारशाआधी आत्या या दगडांपाशी उभी राहून नाव तीनदा पुकारते. गावातल्या एकाही मुलीनं ओ दिली, तर घरी जाऊन दुसरं नाव शोधायचं. आणि हाक एका दमात पलीकडच्या काठाला पोचली पाहिजे. गेल्या वर्षी माझ्या भाचीच्या वेळी मी आर्या म्हणून ओरडले, तर शाळेच्या भिंतीवरून चौघी "ओ, ओ" करत उठल्या. तीन खेपा झाल्या. शेवटी कुमुद ठेवलं.

त्या सोनकीचं सांगायचं राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा ताप उतरला होता. सगुणेनं तिला नावानं हाक मारली, आणि ती दुधासाठी रडली.